बैल मोजायचे राहिले

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी रांगांचं गणित शिकवते. नेटवर्कमध्ये माहितीची पाकिटं किती वेगाने येतात, राउटर ती किती वेगाने पुढे धाडतो, यावरून ती किती वेळ ताटकळणार हे काढायचं. फळ्यावर अगदी सोपं असतं. त्या रविवारपासून मात्र हे शिकवायला घेतलं की माझं डोकं उठतं, आणि राग दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच येतो.

दादाची शेती मंद्रूपच्या पुढे. तो उसाने भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या आवारात नंबर धरून होता आणि मी त्याचा डबा घेऊन गेले होते. गावाकडे अर्धा ऊस अजून उभा होता. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं. म्हणून ट्रॉली परत कधी येईल हे कळल्याशिवाय दादा पुढची तोड सुरू करत नव्हता.

"तू रांगांचंच शिकवतीस की," तो म्हणाला. "मग सांग, माजा नंबर कधी लागंल?"

मला चेवच आला. पुढचे ट्रॅक्टर मोजले. पाच ट्रॉल्या रिकाम्या व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. "चारच्या आत मोकळा होशील. दे सांगून तोडायला."

"बैलगाड्या धरल्यास न्हवं?"

"त्यांची रांग वेगळी आहे, दादा. तिचा आपल्याशी काय संबंध?"

मी प्राध्यापक, म्हणून त्याने मान डोलावली आणि तोडणीच्या मुकादमाला फोन लावला. दुपारपर्यंत टोळीने सगळा ऊस आडवा केला.

दोनच्या सुमाराला सकाळी तोडलेला ऊस घेऊन बैलगाड्या यायला लागल्या. रांग वेगळी खरी, पण ऊस टाकायची गव्हाण एकच. आणि तिथली रीत अशी, की बैलगाडी आली की ट्रॅक्टर थांबणार. मुकी जनावरं ओझ्याखाली जुंपून उभी ठेवायची नाहीत. गाडीमागून गाडी येत राहिली. आमची रांग जागची हलेना.

कुणाला आधी सोडायचं यावर मी आख्खा धडा शिकवते! फोनवरचं बोलणं आधी, फाइल मागून. आणि ज्यांना आधी सोडायचं ते येतच राहिले, तर मागचा किती ताटकळेल याला धरबंध नाही. परीक्षेत हाच प्रश्न घालते. चुकला की मार्क कापते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून मी पुन्हा डबा घेऊन गेले. अकराच्या सुमाराला आमच्यापुढे एकही ट्रॅक्टर उरला नव्हता. दादाने इंजिन सुरू केलं, तेवढ्यात आणखी एक बैलगाडी आवारात शिरली. एक बैल लंगडत होता. गाडीवान आमच्याकडे बघत घुटमळला. दादाने इंजिन बंद केलं आणि त्याला हात केला, "चल, घे फुडं."

माझा तोल सुटला. "अरे, तिकडं तुझा ऊस कालपासून वाळतोय! अजून किती जणांना पुढं सोडणार आहेस?"

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ऊस तुज्या हिशेबानं तोडला," तो म्हणाला. "त्यात त्या बैलाचं काय चुकलं?"