चढणीच्या बाजूचे ठिपके

डोंगरवाटांवर पिवळे ठिपके रंगवणाऱ्या त्या माणसाला पर्यटन कार्यालयात सगळे ठिपकेकाका म्हणत. सव्वीस वर्षे त्यांची पद्धत एकच होती: रंगाचा डबा घेऊन चढायचे, दर वीस पावलांवर एका खडकाला ठिपका द्यायचा आणि माथ्यावर डबा संपला की रिकाम्या हाताने उतरायचे. वरचा देखावा मात्र त्यांना कधी शिळा वाटला नाही. एकामागे एक निळ्या रांगा, खाली निवांत तळे, कुरणांवरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. हे पाहायला लोक लांबून येत, आणि त्यांची वाट चुकू नये एवढी जबाबदारी आपली, असे ते मानत.

गेल्या आठवड्यात एक पर्यटक उतरताना धुक्यात वाट चुकून कड्यावरून पडला. जीव वाचला, पाय कापावा लागला.

कार्यालयातल्या साहेबांनी चौकशीसाठी काकांचा जबाब टंकून तयारच ठेवला होता: वाटेवर ठळक खुणा होत्या, पर्यटक बेफिकीर होता. काकांनी सहीपूर्वी एकदा वाट पाहून येण्याची परवानगी मागितली.

माथ्यावरून ते प्रथमच परक्याच्या नजरेने उतरले. वीस पावले झाली, चाळीस झाली, पिवळा रंग दिसेना. मागे वळून पाहिले, तर ठिपके सगळे जागच्या जागी होते, पण खडकांच्या खालच्या अंगाला, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. उतरताना त्यांना स्वतःला खुणांची गरज कधी पडलीच नव्हती. समोर डोंगर तसेच देखणे उभे होते. काकांना तिकडे पाहवेना.

घरी बायको भाजी निवडत होती. सगळे ऐकून ती म्हणाली की स्वच्छ हवेत वाट आंधळ्यालाही सापडते, इतक्या वर्षांत कुणी ब्र काढला नाही. “आणि आता तुम्हीच आपल्या पायावर धोंडा...” एवढे बोलून ती थबकली. मग बराच वेळ एकच जुडी निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेन पुढे केले. “काका, काथ्याकूट नको. यात तुमचाच बचाव आहे.”

“परत येणाऱ्याला एकही ठिपका दिसत नाही, साहेब. चूक माझी आहे.”

“हे लिहिलंत तर उद्यापासून घरी बसाल.”

काकांनी टंकलेल्या मजकुरावर रेघ मारली आणि खाली स्वतःच्या हाताने ती दोन्ही वाक्ये लिहिली. शेवटचा शब्द पुन्हा गिरवला. सही केली. साहेबांनी कागदाकडे न पाहता रंगाच्या खोलीची किल्ली मागितली.

“संध्याकाळी देतो,” काका उठत म्हणाले. “माथ्यापासून अर्ध्या वाटेपर्यंत पुरेल इतका रंग अजून शिल्लक आहे.”