चाकाचा ताप

माझी आत्या गॅरेज चालवते. एका सकाळी बाबा आपली टॅक्सी घेऊन तिच्याकडे आले ते तोंड पाडूनच. गाडी पिकअप घेत नव्हती, चढावर तर रडकुंडीला यायची.

"इंजिन गेलं, ताई. दुपारी भंगारवाला येतोय."

"जित्या गाडीला खांदा द्यायला निघालास होय रे? सरक तिकडं."

आत्याने शक्यतो ब्रेक न लावता गाडी चौकापर्यंत फिरवून आणली. मग खाली वाकून, लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात ती एकेका चाकाजवळ नेऊ लागली. तीन चाकं कोमट होती. चौथ्यापाशी तिने हात झटकन मागे घेतला.

"तापलंय बघ हे! इंजिन बिचारं पुढं ओढतंय आणि हा ब्रेक मागून पाय धरून बसलाय."

तिने चाक उतरवलं, गंजून अडकलेला ब्रेक घासूनपुसून मोकळा केला. चाक परत चढवून, गाडी जॅकवर असतानाच, एका बोटाने ते नुसतं ढकललं. चाक आवाज न करता फिरतच राहिलं.

बाबा त्या चाकाकडे आणि बहिणीच्या काळ्या बोटाकडे आळीपाळीने बघत राहिले. खिशात भंगारवाल्याचा फोन वाजत होता, तो त्यांना ऐकूच येईना.