मेंढरांच्या वाटेवरची रोपं

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षर वाकडं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

दुष्काळ सरल्यावर परदेशी तरुण मुलं म्हसवडजवळ आमच्या माळावर आली. माझ्या दिराने गावची पोरं जमवून त्यांच्याबरोबर रोपं लावली. खर्च त्यांच्या मंडळाचा. रोपं गेली तर पैसे परत, असा शब्द दिराने दिला. माळ मोकळा होता, कारण आमची मेंढरं चरायला कोकणात गेली होती.

सासरे म्हणाले, "मेंढरांच्या वाटंवर लय ग्वाड खाऊ लावलाय की रं!"

सगळे हसले. मी मात्र रोज पश्चिमेकडे बघायची.

रोपं गुडघ्याएवढी झाली आणि तिकडे धूळ उठली. दीर काठी घेऊन धावला, पण कळप वाट सोडेना. सांजेला माळावर पान उरलं नाही.

पुढे त्याच मेंढरांची लोकर विकून दिराने सगळे पैसे फेडले.