दोन कोळंब्यांनी हलकी काठी

माझी नोकरी वाचवली ती आमच्या पावसच्या गुलाबमावशीनं. कोळंबीच्या मापानं वाचवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझं कर्तृत्व शोधायला जाल तर उगाच दमाल.

सातवीत शाळेनं मला सोडलं (मी शाळा सोडली, असं आई सांगते) आणि मामाच्या ओळखीनं मी पार कलकत्त्याला, एका गोल्फच्या मैदानावर काठ्या दुरुस्त करायला लागलो. तिथल्या एका साहेबाची लाडकी काठी जुनी झाली, म्हणून त्यानं तशीच नवी आणली. पण नवी हाताला हलकी लागे. उपाय साधा : काठीच्या डोक्यामागं शिशाची चिकटपट्टी थोडी थोडी लावत जायची, दोन्ही काठ्या हातात सारख्या वाटेपर्यंत. साहेब महिनाभर थंड हवेला निघाला होता, तेवढी मला गावची रजा मिळाली. जाताना म्हणाला, "आल्यावर मॅच आहे. काठी तयार नसली तर तू गावालाच राहा!"

मी जन्माचा घाबरट. रजेवर जाताना काठ्या मागं ठेवल्या तर कुणीतरी हात लावील, या भीतीनं दोन्ही काठ्या आणि विलायती पट्टीचं रीळ घेऊन गावी आलो. (कलकत्त्यात हात लावणारे दोघं होते. घरी सात! गणित सातवीच्या आतलंच होतं, तरी चुकलं.)

तीन दिवस मी खळ्यात उभा राहून काठ्या फिरवत होतो. पट्टी लाव, फिरव, नखभर काढ, पुन्हा फिरव. ओसरीवरनं माझे वडील, आबा, बघत होते.

"काय चाललंय रे?"

"काठी जड करतोय, आबा."

"मग जड काठीच घ्यायची ना!"

आई शेजारणीला सांगे, "साहेबाचं काम हाय, तुला नाय कळायचं." मग आत येऊन मला हळूच विचारी, "बाबू, ही मारायची कुणाला?"

चौथ्या दिवशी दोन्ही काठ्या हुबेहूब जमल्या. मी आनंदानं गणपतीपुळ्याला नारळ द्यायला गेलो. संध्याकाळी परत येतो तर आबांचे धाकटे भाऊ दत्तूकाका दारातच उभे, आणि हातात ही एवढी बोय मासळी!

"बाबू, देवमाणूस तुझा साहेब! माझ्या पागाच्या घेराच्या निम्म्या शिशाच्या गोळ्या झडलेल्या, जाळं फेकलं की मासे खालनं निसटायचे. तुझी पट्टी गुंडाळली, आणि पाग कसा झटक्यात तळाला बसला!"

"रीळ संपवलंत?"

"पुरलं नाय रे. मग काठीवरची पण काढली."

"काका! काठीवरची?"

"अरे, काठीला कशाला शिसं? काठी काय पाण्यात टाकायचीय?"

मी पाग उलटापालटा करून पाहिला. पट्टी कुठंच नव्हती! विलायती गोंद खाऱ्या पाण्यात सुटला होता, आणि माझी नोकरी खाडीच्या तळाशी जाऊन पडली होती. सातवीवाल्याला कलकत्त्यात दुसरं कोण उभं करणार?

"तरी मी सांगत होतो," आबा म्हणाले, "जड काठी घे."

सकाळी गुलाबमावशी मासळीची पाटी घेऊन आली. तिनं जन्मात तराजू वापरला नाही. मासा तळहातावर घेते आणि वजन सांगते; आजवर कुणी तिला खोटं पाडलेलं नाही.

"काय रे मेल्या, सुतक पडल्यासारखा बसलास?"

मी सगळं सांगितलं. "आण इकडं," म्हणाली. दोन हातांत दोन काठ्या घेतल्या, डोळे मिटले, जरा झुलवल्या.

"नवी दोन कोळंब्यांनी हलकी."

"मोठ्या की बारीक?" मी विचारलं. (हा माझा या कामातला एकमेव तांत्रिक प्रश्न.)

"मोठ्या. दत्तू, पागाच्या गोळ्या सोड!"

काकांनी दात उपटल्यासारख्या तोंडानं दोन गोळ्या सोडल्या. मावशीनं एका हातात कोळंब्या आणि दुसऱ्यात गोळ्या घेऊन पाहिल्या आणि कोयतीनं अर्धी गोळी छाटायला लावली. उरलेलं शिसं मी दगडावर ठोकून चपटं केलं. गोंद? आईनं फणसाचा चीक तापवून आणला. तो एकदा चिकटला, की देवही सोडवू शकत नाही. शेवटी मावशीनं काठ्या पुन्हा झुलवल्या आणि पाटीत टेकवून म्हणाली, "जा आता कलकत्त्याला."

साहेबानं काठी एकदाच फिरवली. "वा! अगदी जुनीसारखी!" मॅचही जिंकला. मैदानावरची एक मांजर शेवटपर्यंत त्याच्या मागं मागं फिरली, एवढंच. मासळीच्या पाटीबद्दल मी बोललो नाही.

आता तो सगळ्यांना सांगत सुटलाय, की माझ्यासारखा हात हिंदुस्थानात नाही! रोज नवी काठी येते, आणि मी डोळे मिटून, ती झुलवून, मावशीसारखं तोंड करतो. कळत काहीच नाही.

पण मावशीचे उपकार मी फेडणार. एक दिवस तिला कलकत्त्याला आणीन, मैदानाच्या मधोमध खुर्चीवर बसवीन आणि साहेबाला सांगेन, "खरी मिस्त्री ही!" फक्त त्याआधी मला दुसरी नोकरी बघून ठेवायला हवी. कारण मी जड केलेल्या काठ्या तिनं एकदा हातात घेतल्या, की माझी अक्कल किती कोळंब्यांनी हलकी आहे, ते ती चारचौघांत सांगून मोकळी होईल!