डोंगरावरचं सुरक्षित घर

कुठल्याही खोलीत शिरले की आमचे साहेब लगेच बसत नसत. आधी दारात उभं राहून मान डावीकडून उजवीकडे फिरवायची आणि विचारायचं, "बाहेर पडायची वाट कुठंय?" हॉटेलात, थिएटरात, माझ्या मुलाच्या वाढदिवसालासुद्धा. आमच्या फ्लॅटमधून बाहेर पडायची वाट म्हणजे ज्या दारातून ते आत आले होते तेच दार. मी तसं सांगितलं, तर उसासा टाकून म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं."

इथं आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बांधकाम कंपनीत ते सेफ्टीचे प्रमुख होते. साइटवर कुणाचा पट्टा सैल दिसला तर पाचशे माणसांचं काम थांबवायचे. एवढं मात्र मानायला हवं की त्यांच्या साइटवर माणूस दगावला नाही. पण ही काळजी ते ऑफिसात घेऊन यायचे आणि तिथे तिची शेखी व्हायची. पँट्रीत चहाचा कप हातात घेऊन उभे राहिले की आम्ही सगळे बेजबाबदार आणि ते एकटे शहाणे.

त्यांचा आवडता विषय म्हणजे रिटायरमेंट. "इथं आपण पाहुणे. व्हिसा खलास की आपण खलास. मग कुठं जाणार?" मी म्हणायचो, "पुण्याला, सर." त्यावर ते असे हसायचे, की जणू मी गटारात राहायला जातो म्हणालो. "पुण्याला फुटपाथ तरी आहे का रे? म्हातारपणी रस्ता कसा ओलांडणार?" बोलणं खरं असायचं, म्हणूनच जास्त राग यायचा.

मग एका हॉटेलात घरांचं प्रदर्शन भरलं. कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या बेटावर डोंगरउतारावर घर, समोर समुद्र, आणि घराबरोबर त्या देशाचा पासपोर्ट. सूट घातलेल्या एका गोऱ्या पोराने त्यांना 'सर, सर' करत चष्म्यासारखं एक यंत्र डोळ्यांवर चढवलं आणि घर आतून फिरवून दाखवलं. ज्या माणसाने परांचीची प्रत्येक फळी स्वतः पाय देऊन तपासली होती, त्याने घर त्या चष्म्यातून बघून घेतलं. "बेट बघून तरी या," असं मी म्हणालो. उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

नवा पासपोर्ट आला त्या दिवशी पँट्रीत केक कापला. आपल्याकडे दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत, म्हणून जुना त्यांनी जमा करून टाकला होता. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अबू धाबीला मुलीकडे होत्या, तिथून खास आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "तुमचा नवा पासपोर्ट कुठंय?" त्या केक वाटता वाटता म्हणाल्या, "माझा जुनाच राहू दे. एक तरी असावा घरात." साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रिटायर झाले आणि दोघं गेली. मग मेसेज सुरू झाले. पहिला फोटो समुद्राचा. दुसरा फोटो बंगल्याच्या गच्चीत बसलेल्या म्हाताऱ्या इंग्रज आणि अमेरिकन माणसांचा, आणि त्यांच्या कडेला हाफ पँट घातलेले आमचे साहेब. खाली लिहिलं होतं, 'आमचा एक्स्पॅट ग्रुप'.

परदेशात जाऊन राहणारे गोरे स्वतःला एक्स्पॅट म्हणवतात; या शब्दाची त्यांना केवढी गोडी! आयुष्यभर आखातात नोकरी केली, इथं लोक आपल्याला इंडियन म्हणतात, फार तर एशियन. तिथं पाऊल ठेवलं आणि साहेब एक्स्पॅट झाले. त्या ग्रुपचं मुख्य काम म्हणजे घाबरणं. रस्त्याने कुणी काळा माणूस पिशवी घेऊन गेला, की याचा त्याला मेसेज: दारं लावा. साहेब ते सगळं आम्हाला पुढे पाठवायचे. मी एकदा फोनवर विचारलं, "पण सर, ते लोक त्यांच्याच गावात चाललेत ना?" म्हणाले, "तुला नाही कळायचं. इथली माणसं आपल्यासारखी नाहीत."

पुढचं मला वहिनींनी सांगितलं, मागच्या गणपतीत, अबू धाबीच्या खलिफा सिटीत त्यांच्या मुलीच्या घरी.

एका दुपारी दोघं बाजारात गेली असताना चोरांनी घर फोडलं. टीव्ही गेला, आणि वहिनींचा मिक्सर गेला. "टीव्हीचं जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पण मिक्सर तिथं मिळतो का आपल्यासारखा?" साहेबांनी मग प्रत्येक खिडकीला लोखंडी गज बसवले. मागच्या दाराला जाळीचं दुसरं दार, त्याला दोन कुलुपं. किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या कमरेला. अंगणातून शेजारणीशी बोलायलासुद्धा वहिनींना बंदी.

त्या अर्थात बोलत होत्या. शेजारीण तिथलीच, विधवा, दोन तरणी मुलं असलेली. तिच्या परसात अळूचं रान माजलं होतं. वहिनींनी एकदा कुंपणावरून वड्या दिल्या, तेव्हापासून दर आठवड्याला पानांची जुडी कुंपणावर ठेवलेली असायची. साहेब वड्या आवडीने खायचे. पानं कुठून येतात हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग वादळाचा इशारा आला. एक्स्पॅट ग्रुपमधले सगळे विमानं पकडून निघून गेले. साहेबांनाही निरोप आला होता. वहिनींनी बॅग भरली. साहेब म्हणाले, "घर मोकळं टाकलं तर चोर धुऊन नेतील." आणि बॅग रिकामी करायला लावली.

वादळ सकाळी आलं. आधी पत्रे उडाले. मग समोरचं झाड मुळासकट उपटून पुढच्या दारावर पडलं, आणि डोंगरावरून आलेलं पाणी घरात शिरलं. साहेब मागच्या दाराकडे धावले तर कमरेला जुडगा नाही. गडबडीत तो पाण्यात कुठंतरी पडला होता. खिडकी उघडली, तर समोर गज. त्यांनीच माप देऊन करून घेतलेले, चांगले बोटभर जाडीचे.

"साहेब काय करत होते?" मी विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "पाण्यात हात घालून किल्ल्या शोधत होते. मी म्हटलं, अहो, हाक मारा कुणाला तरी. तर म्हणाले, कुणाला मारू? मग मीच मारली. तिचं नाव घेऊन."

शेजारणीची मुलं त्या वाऱ्यात कुंपण ओलांडून आली. लोखंड कापायची मोठी कात्री आणली होती. एक गज तुटला, दुसरा तुटला, मग तिसरा. आधी वहिनींना उचलून बाहेर काढलं. साहेबांचं पोट आडवं आलं, तेव्हा आणखी एक कापला. त्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन आपल्या घरी नेलं. पुढचे आठ-दहा दिवस दोघं त्या सिमेंटच्या एका खोलीत, शेजारणीच्या गोतावळ्यात, त्यांच्याच ताटात जेवली.

मला वाटलं, आता तरी माणूस बदलला असेल. बदलायचं सोडा, वादळानंतर पहिल्यांदा फोन लागला होता तेव्हा मला म्हणाले, "गज एकदम फर्स्ट क्लास क्वालिटीचे होते. कापायला किती वेळ लागला विचार हिला."

वहिनींनी तेव्हाच ठरवलं. "मी मिरजेला बहिणीकडे जाते. तुम्ही या." साहेब म्हणाले, घर विकल्याशिवाय येणार नाही; मग वहिनी एकट्याच निघून आल्या. पत्रे नसलेलं घर कोण घेतंय? आणि मिरजेला यायचं तर आता त्यांना व्हिसा काढावा लागतो. ज्या गावात त्यांनी लग्न केलं, त्या गावी जायला. हे सांगताना वहिनी हसल्या. मलाही हसू आलं, मग नाही आलं.

त्या दिवशी गणपतीची आरती झाल्यावर मुलीने साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. दिवाणखान्यात आम्ही सगळे होतो. साहेब व्हरांड्यात बसले होते. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. आधी त्यांनी मुलीला झापलं, समईजवळ पडदा कशाला ठेवलाय म्हणून. मग मला म्हणाले, "तू अजून पुण्याचंच धरून बसलायस ना? जॉर्जियात घर बघ. फार सेफ आहे." शब्दांत तोच ताठा. मला पुन्हा चीड आली, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

त्यांची सहा वर्षांची नात मोदक खात फोनसमोर आली. तिने नाक स्क्रीनला लावलं.

"आजोबा, व्हेन आर यू कमिंग होम?"

साहेबांनी तोंड उघडलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. एकदा मागे वळून घराकडे बघितलं. मग समोर बघत राहिले. नात म्हणाली, "आजोबा? हॅलो?"

वहिनी पुढे झाल्या आणि नातीच्या हातातून फोन घेतला.

"नेटवर्क अडकलं वाटतं गं," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. हो, तिकडे नेटवर्कचा त्रासच आहे, असं जावईही म्हणाले. फोनमध्ये साहेब तसेच बसले होते, आणि त्यांच्या मागे दोरीवर टाकलेला टॉवेल वाऱ्याने हलत होता.