अक्षतांचे चौकोन

एरंडोलच्या लग्नाची मूळ कॅसेट मी पुसली. पुसली म्हणजे तिच्यावर दुसरं लग्न भरलं, तेही स्वतःवर खूश होऊन.

जळगावच्या माझ्या स्टुडिओत तेव्हा नवंकोरं एनकोडर कार्ड आलं होतं. इकडून कॅसेट लावायची, ती संपेपर्यंत तिकडे व्हीसीडीची फाइल तयार. धुळ्याचा माझा मित्र हेच काम नुसत्या सॉफ्टवेअरवर करायचा; दोन मिनिटांच्या तुकड्याला त्याचा कॉम्प्युटर तासभर घुमायचा. "पण चित्र बघ," म्हणायचा. म्हणून या लग्नातला एक तुकडा मी दोन्हीकडून काढून पाहिला. कोणता, तर खुर्चीत बसून पान चघळणारे नवरीचे आजोबा. दोन्ही आजोबा हुबेहूब सारखे!

"अरे, हलणारं काहीतरी घे!" मित्र फोनवर ओरडला.

"जळतोस तू," मी म्हणालो, आणि अख्खं लग्न कार्डातून काढलं.

नवरीच्या वडिलांना, आबांना, त्यात एकच गोष्ट बघायची होती. ऐन मुहूर्ताला पाण्याचा टँकर नाल्यात रुतला म्हणून ते तिकडे धावले होते. लेकीवर पडलेल्या अक्षता त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

एरंडोलला आबांच्या घरी व्हीसीडी लावली. सगळं घर टीव्हीसमोर. अंतरपाट सरकला, अक्षता उडाल्या आणि नवरी गेली! होती तिथेच, पण चौकोनाचौकोनांत. नाक एकीकडे, मुंडावळ्या भलतीकडे. कार्डाला सगळं कॅसेट चालता चालताच उरकायचं असतं. शेकडो दाणे एकदम उडाले की त्याची तारांबळ होते. सॉफ्टवेअर तास लावतं ते उगीच नाही, हे मला तिथे कळलं.

"सीडी खराब दिसतेय," म्हणत मी दुसरी घातली. तेच चौकोन.

आबा सरकत सरकत टीव्हीला चिकटले. "पोर कोठे शे?"

मी एका लालसर चौकोनावर बोट ठेवलं.

"त्या व्याही शेतस," मागून कुणीतरी म्हणालं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मूळ कॅसेट शे ना तुनाकडे?"

मी खरं ते सांगितलं. आबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पण परत घातला नाही.

"भाऊ," ते म्हणाले, "तू लगीनमा नुसता जेवीसन निंघी जाता, तरी चालतं."