एका कागदाच्या मॅडम

मॅडमच्या उजव्या अंगठ्याचं नख पुढे चपटं झालेलं होतं, चमच्यासारखं, आणि त्याच्या कडेला कायम काळं असायचं. झेरॉक्सची शाई. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं यांचं बोट दारात वगैरे सापडलंय. नंतर कळलं की त्या त्याच नखाने कागदाला घड्या घालतात. दिवसाला शंभर-दीडशे कागद, एकेक घडी तीनदा दाबायची, आणि पट्टी दिली तरी घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, पट्टीने घडी चांगली बसते पण माझा हात रिकामा राहतो.

त्या आमच्या वरच्या खोलीत राहायच्या, सातपूरला, कंपन्यांच्या मागच्या गल्लीत. एकट्याच. पन्नाशीच्या असतील. गल्लीत सगळे पुस्तकवाल्या मॅडम म्हणायचे म्हणून मला आधी वाटलं शाळेत शिकवत असतील. तसं काही नव्हतं. त्या चित्रांतल्या गोष्टींची पुस्तकं काढायच्या, तळहाताएवढी. गोष्ट त्यांची, चित्रं त्यांची, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून आणायच्या आणि घरी बसून घड्या घालायच्या. एक कागद घ्यायचा, तीनदा दुमडायचा, मधोमध कात्रीने एक चीर द्यायची, दोन्ही बाजूंनी आत ढकलायचं की त्याचं आठ पानांचं पुस्तक होतं, ना दोरा ना पिन. मी त्यांना दोनदा करून दाखवायला लावलं होतं.

आणि गोष्टी तरी कसल्या, राजा-राणीच्या नाहीत. एक पुस्तक नुसतं आमच्या टाकीवर बसणाऱ्या कावळ्याचं. एक भाजीबाजारात मटार सोलत बसणाऱ्या बाईचं, सात पानं ती सोलते आणि शेवटच्या पानावर घरी जाऊन परत मटारच सोलते. एकात कंपनी सुटते आणि गेटातून नुसते जेवणाचे डबे बाहेर येतात, माणूस एक नाही, नुसते डबे. ते बघून आमचे हे हसले होते, हे सहसा हसत नाहीत.

झेरॉक्सवाल्याचं मशीन जुनं, प्रत्येक कागदावर डाव्या बाजूला एक काळी रेघ उमटायची. तो बिचारा माफी मागायचा. मॅडम म्हणाल्या दुरुस्त करू नका, आणि पुढच्या पुस्तकापासून त्या रेघेला धरूनच चित्र काढायला लागल्या, कधी ती विजेची तार, कधी भिंतीचा तडा, कधी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. मग त्याने नवीन मशीन आणलं आणि मॅडम दोन दिवस त्याच्यावर रुसल्या.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय मॅडमचं सांगताच येत नाही. माझा ओम अकरा महिन्यांचा असताना त्याला तापात झटका आला. डोळे वर गेले, हातपाय कडक झाले, ओठ निळे. मी ओरडत बाहेर पळाले, बायका जमल्या, कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दातखीळ बसू नये म्हणून त्याच्या तोंडात चमचा घातला. हिरडी फाटली. ते रक्त बघून मला वाटलं संपलं सगळं. डॉक्टर म्हणाले तापातला झटका आहे, काही मुलांना येतो, मोठा होईपर्यंत परत येऊ शकतो, घाबरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. काय करायचं ते कागदावर लिहूनही दिलं. मी आठवीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला, पण घाबरले की अक्षरं नुसती हलतात, एक धड दिसत नाही.

तेव्हापासून मी ओमला खाली ठेवेना. झोपला तरी मांडीवर, स्वयंपाक करताना कडेवर, आणि सारखा माझा उलटा हात त्याच्या कपाळावर. हे कंपनीत दुसऱ्या पाळीला गेले की मी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसायचे, म्हणजे ओरडले तर कोणाला ऐकू जाईल. आत्याबाईंनी हे सगळं बघितलं आणि एका दुपारी जेवता जेवता सरळ बोलल्या, "हिच्यानं नाय व्हायचं. येकदा आलं, आता परत आलं की मी पोराला गावाला नेनार. शाळंत घालायच्या टायमाला आनून देईन." गाव म्हणजे घोटीच्या पुढे, दोन बस बदलून. हे काही बोलले नाहीत, आणि ह्यांचं न बोलणं म्हणजे हो असतं. म्हणजे मला आता दोन भीत्या झाल्या, एक झटक्याची आणि एक त्याच्या नंतरची.

मॅडम जिन्यावरून येता-जाता मला बघायच्या. मला वाटायचं कुठे त्यांचं लक्ष असणार. तर एक दिवस खाली आल्या आणि हातात एक पुस्तक दिलं. उघडलं तर मीच. तोच माझा सैल अंबाडा, तोच गाऊन, आणि पानापानावर मी बाळाच्या कपाळाला हात लावतेय. भाकरी करताना, कपडे वाळत घालताना, दूधवाल्याशी बोलताना. शेवटच्या पानावर बाळ माझ्या कपाळाला हात लावतंय. मला इतकं वाईट वाटलं, मी तिथेच रडायला लागले. म्हटलं मॅडम, गल्ली हसतेच आहे, आता तुम्ही छापून हसवणार का.

मॅडमचा एक नियम होता तो मला तेव्हा कळला. ज्याचं चित्र त्याला पहिली प्रत, आणि तो नको म्हणाला तर बाकीच्या फाडायच्या. त्यांनी वाद घातला नाही, समजावलं नाही. पिशवीतून गठ्ठा काढला, चाळीस तरी असतील, पायरीवर बसल्या आणि एकेक फाडायला लागल्या. दहा-बारा फाडून झाल्यावर मलाच बघवेना. म्हटलं राहू द्या, एवढ्या घड्या घातल्यात. त्या म्हणाल्या घड्या परत घालता येतात, आणि फाडत राहिल्या. माझ्या हातातली मात्र मी दिली नाही. अजून आहे माझ्याकडे.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायला लागले, ओमला घेऊन, घड्या घालायला. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच म्हटलं मला शिकवा, हाताला काही असलं तर तो सारखा कपाळाकडे जाणार नाही. त्यांनी ओमसाठी जमिनीवर गोधडी टाकली आणि म्हणाल्या, तो तिथे, तू इथे, मध्ये दोन हात जागा. पहिल्या दिवशी मला पाच मिनिटं सुद्धा जमलं नाही. त्यांनी पुढचा कागद माझ्यापुढे सरकवला. महिनाभराने मी वीस कागद संपेपर्यंत उठत नव्हते.

घडी मात्र मी चुकायचे. चीर देऊन कागद आत ढकलला की चार पाकळ्या होतात, त्यातली कुठली बाहेर घ्यायची ते बघावं लागतं. ते चुकलं की पुस्तक मधूनच सुरू होतं. मटारवालीचं पुस्तक मी एकदा पन्नास प्रती तसं करून ठेवलं, बाई आधी घरी जाते आणि मग बाजारात बसते. मॅडमनी एक वाचलं, दुसरं वाचलं, म्हणाल्या, "बरी आहे की, पण ही तुझी गोष्ट झाली, माझी नाही. सोडव सगळ्या." सोडवल्या. पण चुकलेल्या एक-दोन मी कायम घरी घेऊन जायचे, ओमला फाडायला.

मग एक दिवस मीच धीर करून म्हटलं, मॅडम, त्या डॉक्टरांच्या कागदाचं पुस्तक करा ना. अक्षर एक नको. घाबरलेल्या बाईला कळेल असं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी कधी झटका बघितला नव्हता आणि न बघितलेलं त्या काढत नसत. मला सगळं सांगायला लावलं, बाळाची मूठ कशी होती, मान कुठे वळली होती. मला सांगवत नव्हतं, त्या थांबायच्या, पाणी द्यायच्या, परत विचारायच्या. चित्रं काढली आणि ती घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसल्या, मांडीवर मूल नसलेल्या त्या एकट्याच. डॉक्टरांनी एक पान चुकीचं ठरवलं, आईने बाळाचे हात घट्ट धरलेले होते ते. धरायचं नाही म्हणाले. मॅडमनी परत काढलं, परत गेल्या, परत नंबर लावला. तीन वेळा.

पुस्तक असं झालं. वरच्या पानावर बाळाचा चेहरा. मग बाळाला जमिनीवर कुशीवर ठेवायचं. मग तोंडात काही नाही, चमच्यावर फुली, चपलेवर फुली, कांद्यावर फुली. मग गळ्याचं बटण सैल. मग घड्याळ, पाच मिनिटांचा भाग काळा केलेला. त्याच्या पुढे गेलं तर रिक्षा. थांबलं तरी डॉक्टर. शेवटी दवाखान्याची पाटी. मॅडमनी उशीला ओमचं झबलं घालून माझ्याकडून करून घेतलं, रोज एकदा, घड्या सुरू करायच्या आधी. मी म्हणायचे मॅडम, अपशकुन होईल. त्या म्हणायच्या होऊ दे, उशीला होईल.

ओम दीड वर्षाचा झाला आणि आलं ते. दुपारी तीनची वेळ, हे कामाला, आत्याबाई गावाहून येऊन चार दिवस झालेले. सकाळपासून अंग गरम होतं, औषध दिलं होतं, आणि माझ्या हातातच तो कडक झाला. मला काही आठवेना. उशी नाही, मॅडम नाही, काही नाही. आत्याबाई चमचा आणायला आत धावल्या. मी खुंटीला दोऱ्याने अडकवलेलं झटक्याचं पुस्तक ओढलं तर ते माझंच चुकलेलं होतं, मधून सुरू होणारं. पहिल्याच पानावर घड्याळ.

मी भिंतीवर बघितलं. तीन वाजून सात. मला वाटत होतं तास झाला, पण त्याला उचलताना बघितलं तेव्हाही सातच होते, अजून एक मिनिट सुद्धा झालं नव्हतं. ते बघितलं आणि माझे हात चालायला लागले. त्याला फरशीवर कुशीवर ठेवलं, बटण सोडलं. आत्याबाई चमचा घेऊन वाकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या पुढे वर मान केली नव्हती.

"आत्याबाई, तोंडाला हात लावायचा नाही. तुम्ही घड्याळ बघा. काटा कुठे आला ते मला सांगा."

त्या थांबल्या. मला वाटलं आता मारतात. पण त्या घड्याळाकडे वळल्या आणि सांगायला लागल्या, सात झाले, आठ झाले, आठ झाले गं पोरी, अजून आठच हाय. नवाच्या आधी ओमचं अंग सैल पडलं आणि तो रडला. आम्ही रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासलं, ताप घशामुळे होता. हिरडीला ओरखडा सुद्धा नव्हता.

दोन दिवसांनी आत्याबाई गावाला निघाल्या. पिशवी भरली, आणि मी ओमचे कपडे काढून ठेवायचे का म्हणून वाट बघत दारात उभी. त्यांनी विचारलं, ते चित्रवालीचं पुस्तक आहे का अजून, आमच्या वस्तीवर दोन पोरं आहेत तशी. मी पाच दिली. पोराला न्यायचं त्यांनी नाव काढलं नाही, जाताना त्याची पापी घेतली आणि गेल्या.

मॅडमना सगळं सांगितलं तर त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. आधी विचारलं, कुठल्या पानापासून सुरू झालं होतं. मग घड्याळ पहिल्या पानावर घेऊन सगळं परत काढलं. मग विचारलं, रडल्यावर काय झालं, त्याच्यानंतर लगेच. मी म्हटलं काही नाही, मी ओमला धरून फरशीवरच बसले, उठता येईना, मग आत्याबाईंनी तांब्यातलं पाणी माझ्या तोंडाला लावलं. मॅडम म्हणाल्या हे आधी का नाही सांगितलंस, आणि दवाखान्याची पाटी खोडून टाकली, तिच्या जागी म्हातारी बाई तरुण बाईला पाणी पाजतेय असं चित्र आलं. नियमाप्रमाणे पहिली प्रत गावाला आत्याबाईंकडे गेली. फोनवर त्या म्हणाल्या, "नाक लय मोठं काढलं माझं. ऱ्हाऊ दे."

मागच्या उन्हाळ्यात मॅडम खोली सोडून गेल्या. त्यांची बहीण अकोल्याला आहे, तिला पक्षाघात झाला, तिच्याजवळ कोणी नव्हतं. दोन ट्रंका पुस्तकांच्या आणि एक पिशवी कपड्यांची. मी ठक्कर बाजारच्या बस स्टँडवर सोडायला गेले. मला वाटलं काही सांगतील, त्या खिडकीतून एवढंच म्हणाल्या की झेरॉक्सवाल्याला सांग कागद ओला देऊ नको. मूळ चित्रांचा कागद त्यांनी मला दिला आहे, मी प्रती काढते, घड्या घालते, अंगणवाडीत ठेवते. कोणी विचारलं तर सांगते मॅडमचं आहे. आता चुकत नाही फारशी.

गेल्या महिन्यात ओमला परत ताप आला. एकशे दोन. ह्यांची दुसरी पाळी होती, हे चपला हातात घेऊन दारात उभे, जाऊ का नको. मी मॅडमना फोन लावला, दोन रिंग वाजल्या आणि कट केला, काय सांगणार होते मी. झटका येईल की नाही ते त्यांना थोडंच माहीत होतं. भीती होती, आत्ता लिहितानाही आहे.

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जा कामावर, मी आहे. हे गेले. मी दार लोटून घेतलं आणि ओमच्या शेजारी बसले.